खोडलेली अक्षरं

लयओळख चुकत नाही, हे वाक्य प्रणिता शेवाळेने गेल्या चार वर्षांत निदान दोनशे वेळा तरी चारचौघांत ठणकावून सांगितलं असेल. मंत्रालयात सांगितलं, वकिलांच्या परिषदेत सांगितलं, एकदा तर मावसबहिणीच्या लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या काकांनाही सांगितलं. काकांनी फक्त मठ्ठा पुढे करायला सांगितलं होतं.

तिचा अभिमान फुकाचा नव्हता. राज्यातल्या झाडून सगळ्या सरकारी कचेऱ्यांचं लॉगिन लयओळखीची जी स्क्रिप्ट सांभाळत होती, ती प्रणिताने स्वतः लिहिली होती. रोज बावीस लाख माणसं त्या दारातून आत जात आणि चार वर्षांत एकही चोर आत शिरला नव्हता. निदान असं सगळे समजत होते, आणि त्यात प्रणिता सगळ्यांच्या पुढे होती.

मंगळवारी सकाळी बेलवंड्याहून धाकट्या बहिणीचा, ऊर्मिलाचा फोन आला. ऊर्मिला तिथल्या मोजणी कार्यालयात नकाशांचं काम बघायची. गावाच्या जमिनींच्या हद्दी जिच्या हाताखालून जातात अशी बाई, पण स्वभाव असा की रस्त्यात सापडलेलं पेन दोन दिवस हातात घेऊन मालक शोधत फिरेल.

"ताई, मला निलंबित केलंय," ऊर्मिला म्हणाली. आवाज कोरडा होता. "गायरानाची हद्द नकाशावर चाळीस मीटर आत सरकलीय. शेजारी तो रिसॉर्टवाला आहे ना, त्याच्या फायद्यात. माझ्या नावाने लॉगिन झालंय, दुपारी एक चाळीसला. सत्तावीस दिवस झाले त्याला. लयओळख म्हणते, बोटं माझीच. नव्व्याण्णव पूर्णांक चार टक्के."

प्रणिताच्या डोक्यात तो आकडा आधी शिरला आणि बहीण नंतर. नव्व्याण्णव पूर्णांक चार म्हणजे शंकेला जागाच नाही. तिने आवाज शक्य तितका मऊ केला आणि विचारलं,

"कशासाठी केलंस, ऊर्मी?"

पलीकडून फोन बंद झाला.

*

पासवर्ड मेले त्याला तोवर सहा वर्षं झाली होती. अंदाज बांधणारी यंत्रं इतकी तरबेज झाली की माणसाला आठवणीत ठेवता येईल असा कुठलाही शब्द त्यांना चहा गाळेपर्यंत सापडे. चेहऱ्याची आणि आवाजाची नक्कल तर कुणाचाही फोन करू लागला. मग माणसाचं खास त्याचं असं उरलं काय? प्रणिताच्या चमूने उत्तर दिलं: त्याची लय.

लॉगिनचा फॉर्म म्हणजे सरकारी खिडकीबाहेर ठेवलेला कोरा अर्ज. तो बाहेरच्या माणसाच्या हातात असतो, त्यावर त्याने वाटेल ते लिहावं. म्हणून जाणता प्रोग्रामर त्या कागदावर कधी भरवसा ठेवत नाही. तपासणी खिडकीच्या आत, म्हणजे सर्व्हरवर करायची, हा या धंद्यातला पहिला धडा. प्रणिताच्या फॉर्मवर फक्त दोन रकाने होते. एकात नाव टाकायचं. मग समोर एक वाक्य येई, रोज नवं, कालच्याशी काही संबंध नसलेलं, म्हणजे कुणी जुनं टंकन चोरून ठेवलं तरी त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं टाइप करायचं. माणूस अक्षरं टाइप करत असताना कुठली कळ कधी दबली, कधी सुटली, दोन कळांमध्ये किती हजारांश सेकंद गेले, हे सगळं फॉर्मसोबत आत जाई. आतली स्क्रिप्ट ते त्या माणसाच्या जुन्या नोंदीशी ताडून बघे. पंच्याण्णव टक्क्यांच्या वर जुळलं की दार उघडलं. खाली राहिलं की 'पुन्हा प्रयत्न करा'.

कायद्याने या जुळणीला सहीची किंमत दिली होती. फक्त खटला किंवा चौकशी असेल तर प्रणालीच्या कर्त्याने नोंदीखाली 'ही नोंद खरी आहे' असं प्रमाणपत्र द्यायचं. कर्ती प्रणिताच होती. मंगळवारी दुपारीच ते प्रमाणपत्र सहीसाठी तिच्या टेबलावर आलं. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी होती. प्रणिताने सही केली असती तर ऊर्मिलाची नोकरी गेली असती आणि वर गुन्हा दाखल झाला असता.

"बहीण आहे म्हणून मागे सरलीस असं व्हायला नको," साहेब म्हणाले. "प्रत्यक्ष जा, सही कर, मोकळी हो."

प्रणिता बुधवारी बेलवंड्याला गेली. सही करायचीच, पण त्याआधी ऊर्मीकडून खरं काय ते काढून घ्यायचं, म्हणजे शिक्षा तरी कमी होईल, असा तिचा हिशोब होता. हुशार माणसं चुकतात तेव्हा अशीच हिशोबाने चुकतात.

*

ऊर्मिलाने तिला चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात. काचेच्या कपाटात बशीसकट ठेवलेले, निळ्या काठाचे ते कप प्रणितासाठी आजवर कधी बाहेर निघाले नव्हते. या घरात तिचा स्वतःचा एक कान तुटलेला कप होता. तो समोरच्या फळीवर दिसत होता.

"त्या दिवशी एक चाळीसला तू कुठे होतीस?" प्रणिताने विचारलं.

"डबा खात होते. देवळामागच्या पारावर. एकटी. लिहून घेतेस का?"

"ऊर्मी, मी तुझ्या बाजूने..."

"तू माझ्या बाजूने नाहीस," ऊर्मिला शांतपणे म्हणाली. "तू त्याच्या बाजूने आहेस. ते चुकत नाही ना? मग मीच चुकले असणार. तो चौकशीवाल्या मुलाणी मॅडमचा कागद आहे ना तुझ्याजवळ, त्यावर सही कर आणि जा. संध्याकाळची गाडी आहे."

"कुणी धाक घातला होता का? थोपटे साहेबांनी काही..."

"थोपटे साहेबांनी उलट मला धीर दिला. डबासुद्धा पाठवला काल घरी." ऊर्मिला उठली. "ते परके असून विचारत होते, पोरी, तू असं करशील असं वाटत नाही. आणि माझी सख्खी बहीण विचारते, कशासाठी केलंस."

विलासराव थोपटे म्हणजे मोजणी कार्यालयातले मुख्यालय सहायक, ऊर्मिलाचे वरिष्ठ. भला माणूस म्हणून गावात नाव होतं. चहा तसाच ठेवून प्रणिता बाहेर पडली. फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून आकडा काही बदलत नाही, हेही तिला कळत होतं.

*

पाय तिला पेठेतल्या जिन्यापाशी घेऊन गेले. वर पाटी तीच होती: 'प्रभात टंकलेखन वर्ग, संचालक य. बा. खराडे'. प्रणिता सतराव्या वर्षी इथे शिकली, तिच्यामागून ऊर्मिला शिकली. बेलवंडे तालुक्यातला जो जो माणूस कारकून, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक झाला, तो या जिन्यावरून वर गेला होता. मधल्या काळात वर्ग बंद पडायच्या बेताला आला होता. मग लयओळख आली, दोन बोटांनी टकटक करणाऱ्यांची लय रोज निराळी पडे म्हणून दार उघडेना, आणि दहा बोटांनी टाइप करायला शिकायची टूम पुन्हा निघाली. सरांच्या वर्गाला प्रणिताने नकळत जीवदान दिलं होतं.

खराडे सर ब्याऐंशीचे झाले होते. काचबिंदूने दोन्ही डोळे नेलेले. ते वर्गाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले होते. हातातली लाकडी पट्टी टेबलावर आपटत होती. चार ठोके आणि श्वास, चार ठोके आणि श्वास. शब्द संपला की अर्धा श्वास. आणि साठाव्या अक्षराला डावा हात जरासा उचलायचा. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलावी लागे, त्याची ती सवय. संगणकाला दांडी नाही, पण सरांनी ती जागा काही सोडली नव्हती.

वर्गात नऊ मुलंमुली होती. नऊ कळफलक एकाच वेळी वाजत होते, एकाच वेळी थांबत होते, आणि साठाव्या अक्षराला नऊ डावे हात एकदम उचलत होते.

प्रणिता दारातच उभी राहिली.

"कोण? आत या," सर म्हणाले. "पायऱ्या दोन-दोन चढायची सवय गेली नाही वाटतं. शेवाळ्यांची थोरली?"

"हो, सर." तिने वाकून नमस्कार केला. "सर, एक काम आहे. पाच मिनिटं."

तिने लॅपटॉप उघडला. तिच्याकडे लॉगिनची चाचणीची प्रत होती, खऱ्या दाराची हुबेहूब नक्कल. नावाच्या रकान्यात तिने ऊर्मिलाचं नाव टाकलं. वाक्य आलं: 'कालच्या बाजारात कोथिंबीर स्वस्त होती, पण पिशवी घरी राहिली म्हणून हात हलवत परतलो.' तिने ते टाइप केलं. सतराव्या वर्षी सरांनी शिकवलं होतं तसंच. दुसरं काही तिच्या बोटांना येतच नव्हतं.

'नमस्कार, ऊर्मिला. जुळणी: ९९.१.'

तिने पहिल्या बाकावरच्या मुलीला बसवलं. तीन महिन्यांपूर्वी वर्गात आलेली पोर. 'नमस्कार, ऊर्मिला. जुळणी: ९६.८.' दुसरीला बसवलं. ९७.२. मग सरांना वाक्य वाचून दाखवलं आणि त्यांची बोटं कळफलकावर ठेवून दिली.

'नमस्कार, ऊर्मिला. जुळणी: ९९.८.'

ऊर्मिलाची स्वतःची वर्षभराची सरासरी नव्व्याण्णव पूर्णांक तीन होती. यंत्राच्या मते ऊर्मिलापेक्षा खराडे सर जास्त ऊर्मिला होते.

प्रणिताने आकडा पुन्हा वाचला. पुण्यात दहा हजार माणसांवर चाचण्या घेतल्या होत्या. ती सगळी आपापल्या मनाने टाइप करायला शिकलेली होती, प्रत्येकाची चाल निराळी. पट्टीच्या ठोक्यावर एका लयीत घडवलेला अख्खा तालुका असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्या तर यायला हवं होतं! ती याच बाकावरून उठून गेली होती. आणि तिच्या स्क्रिप्टने चार वर्षांत एकच प्रश्न विचारला होता: समोरचा माणूस ऊर्मिलासारखा आहे का? ऊर्मिलासारखं आणखी कोण आहे, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. सरांच्या हाताखालून गेलेली दीडेक हजार माणसं एकमेकांच्या घराच्या किल्ल्या खिशात घेऊन हिंडत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. नाही, एकाला होता.

तेवढ्यात मान न वळवता सर म्हणाले, "दीपाली, उजवी अनामिका. परत. आणि मागचा, सोहम, घाई कशाला?"

प्रणिताने मान वर केली. "सर, तुम्हाला दिसत नाही. सगळ्यांची लय एकच आहे. मग कोण कुठलं हे कसं कळतं?"

"लय माझी आहे गं," सर म्हणाले. "चुका ज्याच्या त्याच्या. लय शिकवता येते. चूक कोण शिकवणार? ती पोरं जन्माला येतानाच घेऊन आलेली असतात. तुझी धाकटी, तिचा अंगठा शब्द संपला की जागा सोडायची पट्टी दोनदा दाबतो. घाबरट पोर, एकदा दाबली याची खात्री नसायची तिला. आणि तू..."

"माझी कुठली, सर?"

"शेवटचं अक्षर पडायच्या आत तुझा पूर्णविराम पडतो. किती पट्ट्या खाल्ल्यास त्यापायी. वाक्य संपायच्या आधीच निकाल लावून मोकळी."

एरवी ती हसली असती. आज तिने लॅपटॉप बंद केला, सरांच्या पाया पडली आणि जिना उतरली.

*

गुरुवारचा अख्खा दिवस तिने पेठेतल्या लॉजवर स्वतःचीच जुनी स्क्रिप्ट वाचत काढला. चार वर्षांपूर्वीचं स्वतःचं लिखाण वाचणं म्हणजे जुन्या फोटोतली आपली केशरचना बघणं. दीडशेव्या ओळीच्या आसपास तिला हवं ते सापडलं. खरं तर ते कुठे आहे हे तिला जिना उतरतानाच आठवलं होतं.

माणूस टाइप करताना चुकतो, मागे येतो, खोडतो, पुन्हा टाइप करतो. ही सगळी धांदलही फॉर्मबरोबर सर्व्हरवर येत होती. आणि तपासणीला द्यायच्या आधी प्रणिताची स्क्रिप्ट ती काढून टाकत होती. खोडलेलं गाळा, स्वच्छ प्रत पुढे द्या. ही ओळ तिने कामाच्या पहिल्याच आठवड्यात लिहिली होती, आणि का लिहावी असा प्रश्नही पडला नव्हता. खराडे सरांच्या वर्गात खोडलेलं पान सर बघत नसत, टरकन फाडत. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेतही खोडलेलं अक्षर म्हणजे चूकच. चूक म्हणजे कचरा, हे तिच्या बोटांत मुरलं होतं. तिने राज्याच्या सर्व्हरलाही तेच शिकवलं होतं. दोन माणसांतला फरक जिथे होता, नेमकं तेच ती केरात टाकत आली होती.

एक गोष्ट मात्र नशिबाने बरी होती. फॉर्ममधून आलेला कच्चा माल नियमाप्रमाणे तीस दिवस जपून ठेवला जाई आणि मग पुसला जाई. त्या दुपारच्या लॉगिनला एकोणतीस दिवस झाले होते.

तिने ती नोंद काढली. घुसखोराने सत्तर-बाहत्तर अक्षरांच्या वाक्यात तीनदा खोडलं होतं, आणि तिन्ही वेळा डाव्या करंगळीने शेजारची कळ दाबली म्हणून. मग तिने ऊर्मिलाची महिन्याभराची लॉगिनं काढली. एकवीस दिवस, चौतीस चुका. सगळ्या अंगठ्याच्या. करंगळी एकदाही घसरली नव्हती.

"ती तू नव्हतीस," प्रणिता मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

पुढचं काम सोपं होतं. मोजणी कार्यालयातल्या बाकी सगळ्यांचा कच्चा माल काढायचा आणि चुका जुळवायच्या. यंत्राने दोन मिनिटांत एक नाव पुढे केलं. ते नाव तिने दोनदा वाचलं. मग तिने ते एका कागदावर लिहिलं, पाकिटात घातलं आणि पाकीट बंद केलं. यंत्राच्या सांगण्यावरून एका माणसाला चोर ठरवून तिला दोनच दिवस झाले होते.

*

शुक्रवारी मोजणी कार्यालयाच्या दालनात चौकशी अधिकारी मुलाणी मॅडम वेळेवर येऊन बसल्या. बाई मोजकं बोलणारी आणि फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. ऊर्मिला एका बाजूला, थोपटे आणि कार्यालयातली माणसं दुसऱ्या बाजूला. प्रणिता आली ती एकटी नव्हती. तिच्यामागून तलाठी आले, दोन शिक्षिका आल्या, टपाल कचेरीतले एक, पतसंस्थेतली एक, अशी अकरा माणसं आली. सगळ्यात शेवटी, एका विद्यार्थिनीच्या खांद्यावर हात ठेवून खराडे सर आले. त्यांना बघून अर्धी कचेरी सवयीने उठून उभी राहिली.

"प्रमाणपत्र आणलंत?" मुलाणी मॅडमनी विचारलं.

"आणलंय. कोरं आहे," प्रणिता म्हणाली. "सही करण्याआधी एक प्रयोग दाखवायची परवानगी द्या. वीस मिनिटं."

चाचणीची प्रत भिंतीवरच्या पडद्यावर उघडली. नाव ऊर्मिलाचं. तलाठी बसले, वाक्य टाइप केलं. 'नमस्कार, ऊर्मिला.' शिक्षिका बसल्या. 'नमस्कार, ऊर्मिला.' टपालवाले बसले. चौथ्या माणसाला लोक हसू लागले, सातव्याला हसायचे थांबले. अकराच्या अकरा माणसांसाठी दार उघडलं.

"थोपटे साहेब, तुम्हीही सरांचेच ना?" कुणीतरी म्हणालं.

"आमची कुठं चालत्यात आता बोटं," थोपटे हसत म्हणाले. "संधिवात. राहू द्या."

मुलाणी मॅडमनी चष्मा काढून पुसला. "याचा अर्थ तुमची प्रणाली चुकते?"

चार वर्षांत हा प्रश्न प्रणिताला दोनशे वेळा विचारला गेला होता आणि दोनशे वेळा तिचं उत्तर एकच होतं.

"चुकते," ती म्हणाली. "आणि ती चूक माझी आहे. मी लिहिलेल्या एका ओळीची. ते मी लेखी देते. ही नोंद खरी असल्याचं प्रमाणपत्र मी देणार नाही."

ऊर्मिलाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

मग प्रणिताने सरळ शब्दांत सगळं सांगितलं: खोडलेली अक्षरं काय असतात, ती कुठे जात होती, ऊर्मिलाचा अंगठा आणि त्या दुपारची करंगळी. टेबलावर बंद पाकीट ठेवलं. "यंत्राने एक नाव सुचवलंय. ते यात आहे. पण याच्यावर निकाल लावू नका, मॅडम. यंत्राने सुचवावं, माणसाने जाऊन विचारावं. मी ते विचारायचं विसरले होते. उघडण्याआधी एक विनंती, त्या दुपारचं टंकन सरांना ऐकू द्या."

कच्च्या मालात प्रत्येक कळेची वेळ होती. प्रत्येक वेळेला एक ठोका दिला की आवाज तयार. दालनात एका कळफलकाचा आवाज घुमू लागला. चार ठोके आणि श्वास. चार ठोके, अडखळ, मागे, पुन्हा. सर मान तिरकी करून ऐकत होते. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. दुसऱ्या अडखळीला ती थांबली.

"कळलं," ते म्हणाले.

"कोण?" मुलाणी मॅडमनी विचारलं.

"नाव मी घेणार नाही, बाई. माझा विद्यार्थी आहे. हुशार होता. ही करंगळी सुटावी म्हणून जून महिन्यात मी त्याच्याकडून एकच पान बावीस वेळा लिहून घेतलं होतं. सुटली नाही. त्याला वाटायचं, खोडलं की झालं, कुणाला दिसत नाही." सरांनी पट्टी टेबलावर हलकेच ठेवली. "आला असेल तर त्यानंच उठावं. मला दिसत नाही, त्याला लाजायचं कारण नाही."

मुलाणी मॅडमनी पाकिटाकडे हात नेला, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"सर," विलासराव थोपटे उभे राहिले होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. "लेकाला नोकरी लावतो म्हणालता तो रिसॉर्टवाला. म्हटलं, चाळीस मीटर. गायरानच तर आहे, कुणाच्या बापाचं जातंय." मग ते ऊर्मिलाकडे वळले, पण तिच्याकडे बघवेना. "तुझं दार उघडतंय, हे एकदा चुकून कळलं होतं, पोरी. तुझं वय आहे, तू कशीही निभावशील, असं वाटलं."

"म्हणून डबा पाठवलात," ऊर्मिला म्हणाली.

सर खिडकीच्या दिशेने तोंड करून बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, फाडलेलं पान हातात धरून उभा राहिलेला मास्तर दिसत होता फक्त.

मुलाणी मॅडमनी पाकीट न उघडताच फाइलला टाचलं आणि ऊर्मिलाचं निलंबन त्याच दुपारी मागे घेतलं.

*

पुढचे आठ दिवस प्रणिताने झोप विसरून काम केलं. बेलवंडे तालुक्याचं लॉगिन तोवर जुन्या पद्धतीने, माणसाने माणसाला ओळखून चाललं, आणि कुणाचं काही अडलं नाही. तिने ती ओळ काढली. आता खोडलेलं आधी तपासलं जाई, स्वच्छ प्रत नंतर. तिघांना एकच दार उघडतंय असं दिसलं की यंत्र आपणहून कळवू लागलं. नवी प्रणाली चुकत नाही का, असं पत्रकारांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "चुकेल. म्हणून कच्चा माल आता सहा महिने ठेवतो आणि शेवटचा शब्द माणसाचा." साहेबांना ते उत्तर आवडलं नाही. प्रणिताला फार आवडलं.

एक काम मात्र राहिलं होतं. रविवारी ती बेलवंड्याला गेली. ऊर्मिलाने दार उघडलं, आत घेतलं, आणि चहाच्या आधी एक कागद हातात ठेवला. सरकारी मसुद्यात, जावक क्रमांकासकट.

'कारणे दाखवा नोटीस. श्रीमती प्रणिता शेवाळे यांस. आपण दि. मंगळवार रोजी सख्ख्या बहिणीस काहीही न विचारता दोषी धरले. याबाबत आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. खाडाखोड केलेला खुलासा विचारात घेतला जाणार नाही.'

"ऊर्मी, मी तोंडाने सांगते ना. मी..."

"लेखी," ऊर्मिला म्हणाली. "माझ्याकडूनही लेखीच मागितलं होतं."

तेव्हा दोघी पेठेतला जिना चढल्या. वर्ग रिकामा होता. सर त्यांच्या जागेवर होते. कोपऱ्यात कापडाखाली चार नंबरचं जुनं मशीन होतं, ते प्रणिताने उघडलं, कागद चढवला. या यंत्राला मागे येऊन खोडायची सोय नव्हती. बोटांत आलं ते कागदावर गेलं, कायमचं. तिने हळूहळू टाइप केलं. पुण्याहून येताना मनात पानभर मजकूर जुळवला होता, त्यातलं एकच वाक्य उतरलं.

'मी यंत्राचं ऐकलं आणि तुला विचारलं नाही, कारण तू चुकली असशील हे मला सोपं वाटलं आणि मी चुकले असेन हे अवघड.'

शेवटच्या शब्दाला बोट घसरलं. पूर्णविराम आधी पडला आणि 'ड' त्याच्यामागून. तिने कपाळाला हात लावला. सवयीने कागद ओढून फाडायला गेली.

"थांब," सर म्हणाले. "ऐकलं मी. फाडू नकोस. ऊर्मिला, तांबडी पेन्सिल उजव्या खणात आहे. चूक दाखव."

ऊर्मिलाने पेन्सिल घेतली, कागद खिडकीपाशी नेला आणि पुन्हा पुन्हा वाचला. मग त्या पुढे पळालेल्या पूर्णविरामाभोवती नीट गोल काढला. समासात कचेरीतल्या वळणदार अक्षरात काहीतरी लिहिलं आणि कागद प्रणिताच्या हातात दिला.

'खुलासा वाचला. चूक अर्जदाराचीच असल्याबद्दल खात्री पटली. मान्य.'

"चल घरी," ऊर्मिला म्हणाली. "तुझा कप काढून ठेवलाय."